तरवाला उठता कामा नये

नाटकात बायका किती, हा आमच्या गावच्या मंडळाचा पहिला प्रश्न असतो. गोष्ट काय आहे, लिहिली कुणी, त्यातून म्हणायचंय काय, हे कुणी विचारत नाही. बायका दोनपेक्षा जास्त निघाल्या की पुस्तक मिटायचं. गावातल्या सुना रंगमंचावर येत नाहीत. बाई बाहेरून बोलवावी लागते आणि ती शेवटच्या एक-दोन तालमींनाच येते. दुसरा प्रश्न, दारुडा आहे का? मंडळात एक रिक्षावाला आहे, तो दारुड्याचं काम फार सुंदर करतो. प्रत्यक्षात तो चहासुद्धा घेत नाही. त्याला काम मिळालं नाही तर तो रुसतो, आणि मग लोकांची ने-आण कोण करणार? तिसरा प्रश्न, घर एकच आहे ना? दुसऱ्या घराचा पडदा मंडळाकडे नाही.

हे सगळं मला गेल्या हिवाळ्यात कळलं. तोवर गावच्या नाटकाशी माझा काही संबंध नव्हता.

मी वाढले रत्नागिरी शहरात. बाबांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि उरलेल्या कागदावर पत्रकं निघायची. बंदराविरुद्ध, भूसंपादनाविरुद्ध, नळाला तिसऱ्या दिवशी येणाऱ्या पाण्याविरुद्ध. मी वाचायला शिकले ते 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर. शाळेत निबंध लिहायला सांगितला की माझ्या निबंधाच्या शेवटी मागण्या यायच्या. बाई लाल शाईने लिहायच्या, 'हे कुणाला उद्देशून?'

गाव आमचं लांज्याच्या अलीकडे, महामार्ग सोडून आत. बाबा जत्रेला जात नसत. देवीच्या पालखीसमोर नाटक करायचं म्हणजे नाटकाला देवळात नोकरीला लावण्यासारखं आहे, असं ते म्हणत. एकदा त्यांनी तसं पत्रकच काढलं आणि गावात वाटलं. त्यानंतर त्यांचे चुलतभाऊ, म्हणजे माझे काका, त्यांच्याशी बोलायचे थांबले. काका मंडळाचे प्रमुख. बाबा गेले तेव्हा काका आले, अंगणात उभे राहिले, पाणीसुद्धा न घेता गेले. पुढे आई भावाकडे विरारला राहायला गेली. छापखान्याची यंत्रं विकली. मी घरी बसून दोन-तीन नियतकालिकांचं काम करते. मजकूर तपासायचा, थोडं लिहायचं. या कामात बोलावं लागत नाही.

म्हणून काकांचा फोन आला तेव्हा मला माझाच आवाज बसल्यासारखा वाटला.

"बाय, तू पेपरात लिवतेस ना?"

"लिहिते."

"मंग या वर्साला आमाला एक नाटक बघून दे. मुंबैवाले बोलतात, दरसाल तीच तीच विनोदी नाटकं क्याला. कायतरी चांगलं हवं. तुज्या बापसाला विचारलं असतं, पन त्यानं पत्रक काढलं असतं."

मी हसले. काका हसले नाहीत. बहुधा त्यांनी ते गंमत म्हणून म्हटलं नव्हतं.

त्यानंतर काही आठवडे मी नाटकं वाचली. ग्रंथालयातून पिशवी भरून आणायची, वाचायची, परत करायची. कादंबरी एकटीने वाचता येते, कविताही. नाटक एकटीने वाचणं फार वाईट. कुणीतरी विचारतं, आणि उत्तर द्यायलाही आपणच. नुसतं डोळ्यांनी वाचून कळत नाही म्हणून मी मोठ्याने वाचू लागले. प्रत्येक पात्राला एक जागा दिली. सासरा खिडकीशी, मुलगा पलंगावर, शेजारी दारात. वाक्य बदललं की उठून त्या जागी जायचं. एका संध्याकाळी शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. हातात घावन्यांची बशी होती.

"पाहुणे आलेत ना गं? आवाज येत होते."

"नाही, काम करत होते."

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. मग बशी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "असू दे. चार आहेत, तूच खा."

मला हवं असलेलं नाटक पिशवीच्या तळाशी होतं. बांधणी सुटलेलं, प्रकाशन कधीच बंद झालेलं. एका खाडीवर होडीने माणसं पलीकडे नेणारा तरवाला. खाडीवर पूल होतो. सगळ्यांना पूल हवाच असतो, तरवाल्यालाही. त्याची आजारी सून पुलामुळेच वेळेत दवाखान्यात पोचते. पण नंतर तो रोज धक्क्यावर येऊन बसतो आणि समोरच्या काठाकडे पाहून विचारतो, "पलीकडं कोण हाय?" शेवटच्या प्रवेशात तो धक्क्यावर मरून पडलेला असतो. वरून पुलावरून माणसं बोलत जातात, कुणी बाजाराच्या गप्पा मारतंय, कुणी भांडतंय. खाली कुणी बघत नाही. पडदा.

बायका दोन. दारुडा आहे. घर एकच, आणि धक्का तर फळ्यांचाही होईल. पण मला ते या हिशेबाने आवडलं नाही. बाबांच्या पत्रकांत पुलाच्या विरोधात लिहिता आलं असतं किंवा बाजूने. पूल हवा आणि तरवालाही हवा, असं पत्रक लिहिता येत नाही. मी ते नाटक सगळ्या जागा बदलत मोठ्याने वाचलं, आणि शेवटी जमिनीवर पडून राहिले. उठावंसं वाटेना.

वाचन काकांच्या खळ्यात झालं. भात झोडून झालेलं, पेंढ्यावर सगळे बसलेले. रिक्षावाल्याने दारुड्याचं पहिलं वाक्य ऐकल्यावर मांडी घातली आणि मग हलला नाही. वाचन संपलं. मग काकी म्हणाल्या, "माज्या आजोबांची तर होती. असंच बसायचा."

"तरवाला मी करनार," काका म्हणाले. म्हणजे नाटक ठरलं.

दुसऱ्या दिवशी गुरवाने देवीला कौल लावला. ओल्या पाषाणावर तांदूळ चिकटवायचे, उजवीकडचा आधी पडला तर होकार. तांदूळ उजवीकडचा पडला. मी देवळाच्या पायरीवर बाहेर थांबले होते. काका येऊन म्हणाले, "परवानगी झाली. आता एक पोलीस ठाण्यातली राहिली, भोंग्याची."

"आणि लेखकाची," मी म्हणाले.

"कोनाची?"

त्या संध्याकाळी पुन्हा सगळे जमले आणि मी बोलले. लेखकाला न विचारता त्याचं नाटक करणं म्हणजे त्याची मजुरी बुडवणं आहे. आपल्या आंब्याच्या बागेत कुणी शिरून पेट्या भरून नेल्या आणि म्हणालं, आम्ही देवीला विचारलंय, तर चालेल का? गावोगावची मंडळं झेरॉक्स काढतात, पहिलं पान फाडून टाकतात, नाव बदलतात. हे थांबलं पाहिजे आणि ते आपल्यापासून थांबलं पाहिजे. मी बराच वेळ बोलत होते. उभी कधी राहिले ते माझ्याही लक्षात आलं नाही.

रिक्षावाला नम्रपणे म्हणाला, "बाय, आता सही कुटं करायची?"

खळं हसलं. काका मात्र माझ्याकडे पाहत होते. "लिवनारा जिता तरी हाय का?"

"शोधते."

"आनि नाय बोलला तर?"

"तर नाही करायचं."

"बापसाचीच तू," काका म्हणाले. यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

लेखक जिवंत होते. ग्रंथालयात येणाऱ्या एका जुन्या प्रॉम्प्टरने सांगितलं की ते जयगडच्या बाजूला राहतात, कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेत, बायको नाही, मुलगी पुण्यात. मी एस.टी.ने गेले. बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ रस्त्याकडेच्या झाडांवर बसलेली, पानं कुठल्या झाडाची आहेत ते ओळखू येत नव्हतं. घर चिऱ्यांचं, छोटं. त्यांनी दार उघडलं आणि मी काही विकायला आले असं समजून आधीच नको म्हणाले.

मी नाटकाचं नाव सांगितलं. ते दारातच उभे राहिले.

"कुठे मिळालं तुम्हाला?"

"ग्रंथालयात."

"माझ्याकडेही प्रत नाही."

त्यांनी मला बसवलं, स्वतः चहा केला. त्यात साखर घालायला विसरले. मी तसाच प्यायले. बोलताना कळलं की त्यांच्या नाटकाचे प्रयोग गावागावांतून होत असतात हे त्यांना माहीत होतं. परवानगी मागायला आतापर्यंत कुणीही आलं नव्हतं. एकदा त्यांच्या मेहुण्याच्या गावी जत्रेत त्यांनी स्वतःचंच नाटक पाहिलं होतं. नाव वेगळं, लेखकाच्या जागी 'सौजन्य' म्हणून कापडाच्या दुकानाचं नाव.

"तेही चाललं असतं," ते म्हणाले. "पण शेवटी तो उठला."

"कोण?"

"तरवाला. मेला, आणि पडदा पडायच्या आत उठून बसला. हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि हसत घरी गेले. मी मागच्या मागे निघालो. मेहुण्यालासुद्धा सांगितलं नाही की ते माझं आहे."

मला वाटलं त्या नटाचा काहीतरी घोटाळा झाला असेल, चुकून लवकर उठला असेल. मी तसं म्हणालेही. त्यांनी माझा रिकामा कप उचलून आत नेला.

मानधन त्यांना नको होतं. मी आग्रह धरला तेव्हा म्हणाले, मग एक नारळ आणा. परवानगीचं पत्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, वळणदार सरकारी अक्षरात. एका प्रयोगाची परवानगी माझ्या नावे, लेखकाचं नाव जाहीर करायचं, आणि खाली एक ओळ: 'शेवट बदलू नये. तरवाला उठता कामा नये.' मी त्याखाली 'मान्य' लिहून सही केली. कुणाच्या कागदावर पहिल्यांदाच मी 'निषेध' सोडून दुसरं काही लिहिलं होतं.

पत्र खळ्यात वाचून दाखवलं. लेखक जिवंत आहे, स्वतः लिहितो, आपल्या मंडळाचं नाव त्याने लिहिलंय, याचं सगळ्यांना मोठं अप्रूप वाटलं. पत्र हातोहात फिरलं. अट वाचली तेव्हा काका म्हणाले, "शेवट क्याला बदलायचा? चांगला हाय." सगळ्यांनी माना हलवल्या. मला इतकं हलकं वाटलं.

त्यानंतरचा महिना मी सुखात होते. शनिवारी दुपारच्या गाडीने गावात जायचं, रविवारी परत. काकींच्या हातची कुळथाची पिठी खायची. सुनेचं काम मीच करायचं ठरलं, म्हणजे बाहेरून एकच बाई आणावी लागणार. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात मला घेतलं. कामात असताना फोन सारखा वाजायचा. कुणी फळ्यांचा फोटो टाकतंय, कुणी विचारतंय होडी खरी आणायची का? एखाद दिवशी काही आलं नाही तर मीच काहीतरी विचारायचे.

काका उत्तम नट होते. त्यांना हे कुणी कधी सांगितलेलं दिसत नव्हतं. 'पलीकडं कोण हाय?' हे वाक्य मी घरी मोठ्याने ओरडून म्हणायचे. काका ते अगदी हळू म्हणायचे, शेजारी बसलेल्याला विचारावं तसं. पलीकडच्याने ऐकावं अशी आशाच नाही, पण विचारायची सवय जात नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी माझं पुढचं वाक्य विसरले.

शेवटची तालीम देवळासमोरच्या रंगमंचावर, सगळ्या साजासकट झाली. रंगमंचाचं तोंड देवळाकडे. पहिली रांग माणसांची नसते, तिथे देवीची पालखी ठेवतात, कारण नाटक तिच्यासाठी असतं. लोक पालखीच्या मागे बसतात. त्या दिवशी पालखी नव्हती, तिच्या जागी पाट मांडला होता. काका धक्क्यावर कोसळले. पुलावरची माणसं बोलत गेली. मी विंगेत उभी होते. मग काका उठून बसले. त्या रिकाम्या पाटाकडे तोंड करून हात जोडले, आणि रिक्षावाल्याने पडदा ओढला.

"काका, हे काय?"

"काय?"

"तुम्ही उठलात."

"मंग? उठायला नको?"

मला खरंच कळायला वेळ लागला. त्यांच्या दृष्टीने उठणं हे नाटकात नव्हतंच. तरवाला मरून पडला की नाटक संपलं. नंतर देवीसमोर जिवंत होऊन बसायचं, हा झाला गावाचा भाग. पालखीपुढे मेलेलं माणूस मेलेलं ठेवून पडदा टाकला तर गावाला सुतक. आजवर आमच्या रंगमंचावर जितके राजे, बाप, नवरे मेले, ते सगळे पडदा पडायच्या आत उठून बसले होते. गावातल्या लहान पोरालाही हे माहीत. बाबांच्या मुलीला माहीत नव्हतं. पत्रातली अट त्यांनी मनापासून मान्य केली होती, कारण ते शेवट बदलत नव्हते. आणि जयगडच्या त्या गृहस्थांनी ती अट नेमकी याचसाठी घातली होती.

"आधी पडदा टाकू," मी म्हणाले. "मग पुन्हा उघडू. तेव्हा सगळे उभे राहा, तुम्हीही."

"पडदा पडला की मेला तो मेला, बाय. मंग उघडून काय उपेग?"

"काका, तो लाकडी पाट आहे आणि ते नाटक आहे."

"उद्या पालखी आसंल."

"मी सही केलीय. माणूस मेला तरी कुणाला पत्ता नाही, हेच लेखकाला सांगायचंय. तुम्ही उठलात तर नाटक उरतच नाही."

काकांनी अंगावरची घोंगडी काढली, घडी घातली. "तुजं बरोबर हाय. मानूस मरून पडला नि गाव वरून चाललं गेलं, हे त्यानं लिवलंय. खरंच लिवलंय. पन देवी म्हंजे गावाची आई ना? तिच्या म्होरं गावचा मानूस मेलेला टाकून आमी जेवायला घरी जायचं? हे आमच्यानं नाय व्हनार."

मी पुढचं बोलायला तोंड उघडलं. रूढी, जबरदस्ती, लेखकाचं स्वातंत्र्य, सगळं तयार होतं. काकांनी हात वर केला.

"भांडू नको. पत्र तुज्या नावाचं हाय. तू नाय बोल, आमी नाय करत. आमी दुसरं नाटक करू, पाठ हाय सगळ्यांना. फकस्त तू सांग सगळ्यांना. मी नाय सांगनार."

मला वाटलं होतं ते अडून बसतील. नेहमीसारखं परवानगीवाचून करून टाकतील, मग मी निषेध करीन. भांडण मला येतं. समोरचा ऐकून घेतो तेव्हा काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी सगळ्यांना सांगितलं. रिक्षावाल्याने विचारलं, "लेखकाला फोन करून बगूया का? येक डाव?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांनी लिहून दिलंय. आता त्यांच्याकडे सवलत मागायला जायचं म्हणजे त्यांच्यावर दबाव आणणं आहे."

कुणी वाद घातला नाही. बाहेरून आलेल्या बाईने केसातला गजरा काढून ठेवला आणि परतीची गाडी कधी आहे विचारलं.

जत्रेला मी गेले. न जाणं म्हणजे पळ काढणं झालं असतं. त्यांनी जुनं विनोदी नाटक केलं, काकांनी त्यात विसराळू सासऱ्याचं काम केलं, लोक पोट धरून हसले. त्या नाटकात कुणी मरत नाही. मी पालखीच्या पार मागे, शेंगदाणेवाल्याच्या बाजूला बसले. प्रयोगानंतर कलाकारांच्या पंगतीला मला कुणी बसू नको म्हणालं नाही, कुणी बस म्हणालंही नाही. काकींनी पानात वाढलं, वर आमटी घातली, आणि पुढच्या पानाकडे गेल्या.

व्हॉट्सॲप गटातून मला काढलं नाही. त्या गटात फक्त कुणी काही टाकेनासं झालं. सुरुवातीला मला वाटलं जत्रेनंतर सगळे दमले असतील. मग पुढे एकदा गावाहून परतताना, मला स्टँडवर सोडणाऱ्या रिक्षावाल्याच्या फोनवर जत्रेचे फोटो दिसले. त्यांच्या वर मंडळाचंच नाव होतं, गट दुसरा होता.

जयगडला जाणं भाग होतं. नारळ घेऊन गेले. ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मी येणार हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणजे ते रोज तसेच बसत असतील. प्रयोग कसा झाला, त्यांनी विचारलं. ते येऊ शकले नव्हते, गुडघा दुखत होता.

मी सगळं सांगितलं. पालखी, पाट, सुतक, काका. माझं संपल्यावर म्हणाले, "म्हणजे ती रीत होती. मला वाटलं होतं, त्या नटाला टाळ्या हव्या होत्या."

"हो."

"आणि तुम्ही प्रयोगच रद्द केलात."

"तुम्ही अट घातली होती."

"घातली होती." ते नारळ हातात फिरवत राहिले. "फोन का नाही केलात?"

"केला असता तर तुम्ही हो म्हणाला असता?"

"ते मला काय माहीत? विचार केला असता. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही. तुम्ही विचारलंत, पण एकदाच."

मला राग आला. मी त्यांचा शब्द राखला होता. त्यासाठी माझ्याकडे होती नव्हती ती माणसं गमावली होती. मी तसं बोललेही, इतक्या स्पष्टपणे नाही, पण त्यांना कळण्याइतकं. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. अगदी बरोबर आहे." आणि आम्ही दोघंही खिडकीतून बाहेर पाहू लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, ट्रक जात होते.

मग त्यांनी विचारलं, "पलीकडं कोण हाय, हे तुमचे काका कसं म्हणायचे?"

"हळू."

"म्हणून दाखवा."

मी म्हणून दाखवलं. काकांसारखं जमलं नाही. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी स्वतः एकदा म्हणून पाहिलं, आणि मान हलवली. "मी ते ओरडून लिहिलं होतं," ते म्हणाले.

निघताना मी पत्र परत देऊ केलं. त्यांनी घेतलं नाही. परवानगी एका प्रयोगाची आहे, प्रयोग झालेला नाही, म्हणजे ती तुमच्याकडेच राहते, असं म्हणाले. दुसरा संच शोधा. मी हो म्हणाले. शहरात नाटक करणारे गट आहेत, त्यांची स्वतःची नाटकं ठरलेली असतात, आणि त्यांच्याकडे काका नाहीत. तरवाल्याचं वाक्य मी आता ज्या आवाजात ऐकते, तो आवाज फक्त पालखीसमोर बोलतो.

मी चुकले असं मला आजही वाटत नाही. सही केली की ती पाळायची, गैरसोयीची झाली तरी, नाहीतर ती करायचीच कशाला? हे मी कुणालाही पटवून देऊ शकते. पटवून द्यायला समोर कुणी असेल तर.

परवा मी काकांना फोन केला. नाटकाचं काही नव्हतं. लेखकाने तुमचं वाक्य विचारलं होतं, एवढंच सांगायचं होतं. फोन काकींनी उचलला.

"काय गो बाय, बरी हायस?"

"बरी आहे. काका आहेत का?"

"ते काजीच्या बागेत गेलेत. बिया वेचायला मानूस नाय मिळत. काय काम हुतं?"

मी सांगितलं. जयगडच्या त्या गृहस्थांना आवडलं असतं, काका जसं म्हणायचे तसं. त्यांनी मला म्हणून दाखवायला लावलं.

"बरं," काकी म्हणाल्या. मागे कोंबड्या ओरडत होत्या. त्या त्यांना हाकलायला लागल्या, मग पुन्हा फोनवर आल्या. "सांगते त्यांना. ठेवू?"

मी ठेवा म्हणाले.